सीपॅपचं सेटिंग: माझ्या नोंदी, मे ते ऑगस्ट

१२ मे

झोपेत श्वास थांबतो का त्या तपासणीचा रिपोर्ट आला. एएचआय ४१. म्हणजे झोपेत दर तासाला ४१ वेळा माझा श्वास एकतर पूर्ण थांबतो नाहीतर बराच कमी होतो, आणि तोही १० सेकंद किंवा जास्त, त्याच्या आतलं मोजतच नाहीत. ५ च्या खाली नॉर्मल, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. सगळ्यात लांब थांबलेला ५८ सेकंद. ऑक्सिजन ७४ पर्यंत खाली आलेला.

हिनं रिपोर्ट बघितला आणि ५८ वर बोट ठेवून म्हणाली, "मी मोजलेलं तवा चाळीस आलेलं." मी विचारलं कधी मोजलंस, तर म्हणाली तीन-चार वर्षं झाली, रात्री घोरणं एकदम बंद झालं की मला जाग येते, मग छातीवर हात ठेवून घड्याळ बघत बसते, तुम्ही परत श्वास घेतलासा की झोपते. एवढे दिवस बोलली नाही कारण एकदा बोललेली तेव्हा मी चिडलो होतो. ते मला आठवतसुद्धा नाही.

डॉक्टरकडे गेलो ते पुलामुळं. एप्रिलमध्ये सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला शिरोलीहून गाडीवरनं येत होतो, पंचगंगेच्या पुलावर डोळा लागला. एक-दोन सेकंदच असेल. मागनं ट्रकनं हॉर्न दिला म्हणून जाग आली, गाडी कठड्याकडं गेलेली. दारू नाही, जागरण नाही, आदल्या रात्री आठ तास झोपलेलो. मग हे काय, म्हणून गेलो. दुपारी जेवल्यावर डुलकी, सकाळी डोकं जड, रात्री तीनदा लघवीला उठणं, बीपीची गोळी चालू होऊन दोन वर्षं, हे सगळं एकाच माळेचे मणी निघाले.

१३ मे

आज ही वही काढली. मी मशीन शॉपला सेटर आहे, नवीन जॉब लागला की सेटिंगची वही ठेवतो, तारीख, काय बदललं, काय निघालं. आमच्यात नियम आहे, एका वेळी एकच ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचा आकडा, बदलायचा. दोन बदलले आणि जॉब बरोबर आला तर कशामुळं आला ते कळत नाही, आणि बिघडला तर त्याहून वाईट. इथं पण तसंच करणार.

डॉक्टरांनी समजावलं ते मला लगेच कळलं कारण रोज बघतो. कूलंट पंपाला सक्शन पाइप मऊ लावला की पंप ओढायला लागल्यावर तो पाइप आत चपटा होतो आणि कूलंट यायचं बंद. घशाचं तेच. जागेपणी स्नायू ताणलेले असतात, झोपेत सैल पडतात, जीभ मागं जाते, आणि आपण श्वास ओढला की नळी चिकटते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं, तो धक्का देऊन अर्धवट जागं करतो, नळी उघडते. तासाला ४१ वेळा हे. झोप झालीच नाही मग.

सीपॅप हे त्यावरचं मशीन. ते काय करतं तर मास्कमधनं हवेचा दाब देऊन नळी आतनं उघडी ठेवतं. ऑक्सिजन देत नाही, आपल्याच खोलीतली हवा देतं. एवढंच.

१६ मे

मशीन घेतलं. पन्नास हजाराच्या आसपास, मास्क वेगळा. ओळखीतल्या एकानं सेकंड हँड निम्म्यात देतो म्हणून सांगितलेलं, नको म्हटलं. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीला जगभरातनं मशिनी परत बोलवायला लागल्या, आतला आवाज दाबायचा फोम भुसभुशीत होऊन त्याचे कण हवेच्या वाटेत यायची शक्यता होती म्हणून. जुनं मशीन कुठल्या लॉटमधलं हे मला कोण सांगणार. लेथ सेकंड हँड घेईन, हे नाही.

शेजारच्या काकू विचारायला आल्या, "सीपीआरला ॲडमिट केलंय म्हणं?" त्यांना कुणीतरी सीपॅप सांगितलं, त्यांनी आपलं सीपीआर ऐकलं, म्हणजे इथलं सरकारी हॉस्पिटल, कोल्हापुरात दुसरं काय ऐकू येणार. बिचाऱ्या डब्यात पेज घेऊन आलेल्या. बसवून चहा दिला आणि मशीन दाखवलं.

१७ मे

पहिली रात्र. १ तास ४० मिनिटं. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, साइज लार्ज, डीलरनं नुसता चेहरा बघून दिला. रॅम्प लावलेला, म्हणजे दाब ४ वर सुरू होऊन हळूहळू चढतो. त्या ४ वर मला हवाच पुरेना, गुदमरल्यागत झालं, उठून बसलो. परत लावला. पहाटे बघतो तर मास्क उशीखाली, कधी काढला माहीत नाही.

आई दारात उभी. "आरं एवढी हवा आत गेल्यावर फुफ्फुस फुटायचं की रं."

१८ मे

आईसाठी आजची सकाळ घालवली आणि बरं झालं. उंच ग्लासात पाणी घेतलं, स्ट्रॉवर १० सेंटीमीटरला पेनानं खूण केली, खुणेपर्यंत बुडवून तिला म्हटलं फुंक. बुडबुडा आला. म्हटलं हा १० चा दाब, माझ्या मशीनचा एवढाच, सेंटीमीटर पाण्यातच मोजतात. तिनं परत दोनदा फुंकलं आणि "एवढाच व्हय" म्हणाली. शॉपमधली एअर लाइन ६ बारची असते, हा त्याच्या सहाशेवा भाग, तरी झोपलेल्या माणसाची नळी उघडी ठेवायला बास होतो.

१९८० साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरलेली म्हणे, आणि १९८१ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याच्या आधी सिव्हिअर पेशंटला उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी घालणे. हे वाचून मला त्या मास्कचा राग कमी झाला. खरंच.

२० मे

२ तास १०. बदल काहीच केला नाही, फक्त संध्याकाळी बातम्या बघताना पाऊण तास मास्क लावून बसलो, जागेपणी. डॉक्टरांनी सांगितलेलं.

२३ मे

लीक, म्हणजे मास्कच्या कडेनं हवेची गळती, ३८. २४ च्या खाली पाहिजे म्हणतात. मी पट्टे आवळत गेलो, लीक वाढतच गेलं, नाकाच्या दांडीवर लाल वळ उठलाय. इथं माझं चुकत होतं. ऑइल सील जास्त दाबलं की त्याची लिप, म्हणजे कड, दुमडते आणि गळतं, हे मी पोरांना शिकवतो आणि स्वतः मात्र मास्क आवळत बसलो. मास्कचं कुशन दोन थराचं असतं, आतला पातळ थर हवेनं फुगून चेहऱ्याला टेकतो, त्याला फुगायला जागा लागते.

आज पद्धत बदलली. आडवा पडलो, मशीन चालू केलं, मास्क जरासा चेहऱ्यापासनं उचलून परत टेकवला, मग पट्टे हवा थांबेल एवढेच, दोन्हीकडं सारखे. बसून फिट केलेला मास्क झोपल्यावर बसत नाही कारण आडवं झालं की गाल मागं सरकतात. लीक ३१.

२४ मे

३० च्या खाली जाईना. साइजच चुकीची आहे असं वाटायला लागलंय.

२७ मे

डीलरकडं गेलो. साइजचं गेज मागितलं, कागदाचं असतं ते, नाकाला लावून बघायचं. अर्धा तास शोधून दिलं. मीडियम निघालं. दहा दिवस मी लार्जवर झगडत होतो. त्या माणसाला मी शांतपणे सांगितलं, अहो हे पहिल्याच दिवशी लावा की, इथनं कितीतरी लोक मशीन घेऊन जात असतील, आठ दिवसांत कपाटात ठेवत असतील, आणि त्यांना वाटत असेल आपल्यालाच जमत नाही. मास्क बदलून दिला, वर पैसे घेतले. असू दे.

नाकाचा मास्क घेतला या वेळी. माझ्या मिशा जाड आहेत, ओठावर टेकणारा मास्क मिशांवरनं गळतो, म्हणून नाकपुड्यांत बसणाऱ्या उशीचा घेतला, नेझल पिलो म्हणतात. मिशा वडिलांसारख्या आहेत, त्या काढायच्या नव्हत्या.

२८ मे

४ तास २५. लीक १९. एएचआय ६.३. पहिल्यांदाच असा आकडा बघितला. ४१ वरनं.

ही म्हणाली रात्री दोनदा उठले. का म्हणून विचारलं तर, आवाज नव्हता म्हणून.

आजपासनं वहीत एक रकाना वाढवला: ही किती वेळा उठली.

१ जून

आता तोंड उघडं पडतंय. नाकात हवा येते आणि तोंडातनं निघून जाते, सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली, घसा लाकडासारखा. हनुवटीचा पट्टा आणून बघितला, दोन रात्री. जबडा मागं ओढतो आणि एएचआय ९ वर गेला. काढून टाकला.

३ जून

तोंड का उघडतं ते बघायला पाहिजे होतं आधी. माझं उजवं नाक कायम चोंदलेलं. फाउंड्रीच्या शेजारचं शॉप, वाळूची धूळ, वीस वर्षं. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला, झोपायच्या आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. आणि ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, २ वरनं ४ वर. दोन गोष्टी एकदम झाल्या, नियम मोडला, पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं.

डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमधनं आणतो. बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं, पण ते श्वासात घ्यायला बनवलेलं नसतं, कॅन कुठला काय माहीत नाही. टाकीत राहिलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकतो, मास्कच्या उशा रोज साबणाच्या पाण्यानं, नळी आठवड्यातनं एकदा, सावलीत वाळवायची.

५ जून

५ तास ५०. तोंड कोरडं नाही.

९ जून

मशीनमधलं नोंदींचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडं. मला सेटिंगचा आतला मेनू कसा उघडतो ते माहीत झालंय, व्हिडिओ बघून कुणालाही होईल, पण उघडला नाही. मशीन सेट करणं आणि माणूस सेट करणं यात फरक आहे. दाब जास्त झाला तर काही लोकांचा श्वास मेंदूकडनंच थांबायला लागतो, ते ओळखायची माझी लायकी नाही. मी वही पुढं ठेवली. पहिल्या दिवसापासनं ४ वर गुदमरतंय असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि खालची मर्यादा ७ केली, वरची १३, रॅम्प बंद. म्हणाले बऱ्याच जणांना कमी दाबच सोसत नाही, आणि लोक सांगतच नाहीत, मशीन सोडून देतात.

१० जून

७ वर सुरू केलं आणि पहिल्याच श्वासाला छाती मोकळी. हे पहिल्या दिवशी पाहिजे होतं. ६ तास १५. एएचआय ३.८. लघवीला एकदाच उठलो.

सकाळी डोकं दुखलं नाही. मी बराच वेळ पलंगावर तसाच बसलो होतो. दुखत नाही म्हणजे कसं असतं हे विसरून गेलेलो मी.

१६ जून

थर्ड शिफ्ट चालू. सकाळी सातला सुटतो, साडेआठला झोपतो. उजेड, उकाडा, खाली भाजीवाल्याची हाक, सगळं आहे पण मास्क लावूनच. नियम केलाय, दहा मिनिटाची डुलकी असली तरी मास्क.

एक गोंधळ झाला. रिपोर्टमध्ये एका दिवशी साडेतीन तास, दुसऱ्या दिवशी अडीच असं दिसायला लागलं, मला वाटलं मी मास्क काढतोय. तसं नाही, आमच्या मशीनचा दिवस दुपारी १२ ला बदलतो, म्हणजे साडेआठ ते अडीच झोपलं की साडेतीन तास एका तारखेला आणि अडीच दुसऱ्या. रात्री झोपणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे ती. थर्ड शिफ्टवाल्यांनी दोन्ही मिळवून बघायचं, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

२९ जून

पाऊस लागला. नळीत पाणी. पहाटे तीनला गुडगुड गुडगुड आणि नाकात थेंब. ह्युमिडिफायरची गरम दमट हवा थंड नळीत आली की पाणी धरते, फॅनखाली तर जास्तच. मशीन टेबलावरनं काढून खाली पाटावर ठेवलं, डोक्यापेक्षा खाली, म्हणजे जमलेलं पाणी टाकीकडं परत जातं. पण नळी थंडच.

१ जुलै

आईनं जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवली, आत गोधडीचा थर. दोन वार भरली. नळीला घातली. बाजारात असलं कव्हर मिळतं, पण ते एवढं मऊ नसणार. गुडगुड बंद.

४ जुलै

१० तारखेच्या आत द्यायचा म्हणून डॉक्टरांनी दिलेला तक्ता परत भरला, एपवर्थ. आठ प्रसंग असतात, बसून वाचताना, टीव्ही बघताना, जेवल्यावर शांत बसलेलं असताना वगैरे, प्रत्येकाला ० ते ३. १० च्या वर म्हणजे दिवसाची झोप जास्त. मे मध्ये माझे १७ आलेले. आज ७. हिनं शेजारी बसून दोन ठिकाणी माझा आकडा वाढवायला लावला, आधी मी ५ लिहिलेले. तिचा बरोबर.

बीपी पण बघितलं, थोडं खाली आलंय, गोळी तीच ठेवलीय.

१४ जुलै

गंगावेशीत रात्री धारोष्ण दूध प्यायला गेलो मित्रांबरोबर, परत येताना त्यातल्या एकानं गाडी चालवता चालवता दोन जांभया दिल्या. त्याच्या बायकोची तक्रार आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलेली, "ट्रॅक्टर हाय नुसता" म्हणून. त्याला म्हटलं भावा, गाडी बाजूला घे, मी चालवतो. मग घरी जाऊन पुलाची गोष्ट सांगितली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. तो म्हणाला, "मलापण झालंय तसं, दोनदा." चौघांत दोघं. आमच्याकडं घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला असंच समजतात.

२३ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं. ४३ ला धोका. आम्ही बावड्यात वरच्या बाजूला, घरात पाणी येत नाही, पण लाइट जाते. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीत हायवेवरच पाणी आलेलं, तेव्हा दिवसच्या दिवस रस्ता बंद होता, ते आठवून आज तयारी केली.

इन्व्हर्टर आहे, बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट. कागदावर १८०० वॅट-तास, निम्मीच वापरायची धरली तर ९००. शॉपच्या इलेक्ट्रिशियनकडनं वॅटमीटर आणून मशीनला लावला. ह्युमिडिफायर चालू असताना ५० च्या आसपास खातंय, बंद केला की १० ते १२. एवढा फरक. म्हणजे आठ तासाला मशीनचे १०० सुद्धा नाहीत, आणि पंखा एकटा ७० वॅटचा, त्याचे ५६०. तर लाइट गेली की आधी ह्युमिडिफायर बंद, दुसऱ्या रात्री पण लाइट नसली तर पंखा बंद. मशीन बंद नाही.

२५ जुलै

रात्री १ ला लाइट गेली आणि मशीन थांबलं. इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा तो झटका मशीनला सोसला नाही. मी झोपेतच होतो. हिला जाग आली, आवाज थांबला म्हणून. तिनं बटन दाबलं.

सकाळी बघितलं, इन्व्हर्टरच्या मागं इको आणि यूपीएस असा स्विच असतो, आमचा इकोवर. यूपीएसवर केला, त्यात बदल पटकन होतो. मेन स्विच पाडून चारदा ट्रायल घेतली, एकदाही थांबलं नाही. कुणाकडं सीपॅप असेल तर आजच तो स्विच बघा.

२८ जुलै

दोन रात्री लाइट नव्हती. ६ तास ४०, ६ तास ५. घसा कोरडा, पण एएचआय २.९.

ही उठली: दोन्ही रात्री चारदा. लाइट गेली की उठून मशीनला हात लावून बघते. म्हटलं ट्रायल घेतलीय मी. म्हणाली, माहिताय.

४ ऑगस्ट

ही उठली: ०. सलग तिसरी रात्र.

६ ऑगस्ट

पंचमीला माहेरी जाऊ का म्हणून विचारलं हिनं. गारगोटीच्या पुढं आहे माहेर, दोन तासाचा रस्ता. दरवर्षी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते, मी विचारायचो राहा की दोन दिवस, तर आईचं कोण करणार, पोरांची शाळा, असं काहीतरी सांगायची. यंदा म्हणाली चार दिवस राहीन म्हणते. मला आज कळलं ती का राहत नव्हती. मी काही बोललो नाही, एसटीत बसवून येतो म्हटलं.

८ ऑगस्ट

रात्री साडेदहाला फोन. "मास्क लावलासा?" म्हटलं लावतोय. "टाकीत पाणी घाला." घातलंय. मागनं बायकांचा झिम्म्याचा आवाज, गाणी, तिला नीट ऐकू पण येत नव्हतं.

९ ऑगस्ट

पंचमी. रोज पहाटे साडेपाचला उठणारी बाई, सकाळी फोन येईना. साडेसातला मी केला, मेहुणीनं उचलला. म्हणाली, "ताई अजून झोपलीया, उठवू?"

नको म्हटलं, झोपू दे.

७ तास ४. लीक १४. एएचआय १.९. फिल्टर काळा पडलाय, उद्या बदलायचा.